काही न मिसळता तांबं कडक करायचंय – वळणाच्या डायमधून सळई दाबताना पंच वाकला

लेथवाला, जळगाव

राम राम मंडळी,

जळगाव एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि ६० टनी हायड्रॉलिक प्रेस. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरला लागणारे टर्मिनल स्टड, म्हणजे वायर नटाने आवळायचे आटेवाले दांडे, मी करतो. एम-८ चे आटे, लांबी २५ मिलिमीटर. बारा वर्षं हेच काम आणि बारा वर्षं एकच दुखणं. पितळी स्टड दिला तर तो तापतो, कारण पितळ तांब्याच्या पाव हिश्श्याहून थोडीच जास्त वीज वाहून नेतं. शुद्ध तांब्याचा दिला तर वायरमनने पाना जरा जोरात ओढला की आटे सोलून नटाबरोबर बाहेर येतात. रावेर-यावलकडच्या केळीला ऐन मे महिन्यात दोन दिवस पाणी मिळालं नाही तर बागेचं काय होतं, ते इथं कुणाला सांगायला नको. मागच्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याने जळून काळा पडलेला स्टड माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि काही न बोलता खुर्चीवर बसून राहिला. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

माझी मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने सेमिनारला घेतलेला विषय ऐकून मी जेवता जेवता थांबलो. काटकोनात वळलेल्या छिद्रातून सळई दाबून काढायची. आत जाताना जेवढी जाड, बाहेर येतानाही तेवढीच. पण आतले ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिककण, बारीक होतात आणि धातू कडक होतो, काही न मिसळता. मिसळलं नाही म्हणजे वीजही अडत नाही. मला हवं ते नेमकं हेच.

आठ दिवसांत डाय केली. एच-१३ या टूल स्टीलचे दोन ठोकळे, मध्ये १० मिलिमीटरचं छिद्र, ९० अंशांचं वळण, दोन्ही भाग सहा ॲलन बोल्टने आवळलेले. सळई ढकलणारा पंचही एच-१३ चा, ५२ रॉकवेलला (कडकपणाचं माप) कडक केलेला. तांब्याआधी ॲल्युमिनियमवर हात बसवावा म्हणून ६० मिलिमीटरचे तुकडे घेतले.

पहिली सळई दुकानदाराने नुसतं 'ॲल्युमिनियम' म्हणून दिली होती, ती नंतर कळलं की ६०६१ टी-६, म्हणजे आधीच कडक केलेला मिश्रधातू, निघाली. ती बाहेर आली तेव्हा वरच्या अंगाला दर तीनेक मिलिमीटरवर आडवी चीर, थेट करवतीच्या दातांसारखी. हाताने वाकवली तर चकत्या पडल्या.

दुसरी शुद्ध ॲल्युमिनियमची. साधं ग्रीस लावलं. अर्धी गेली आणि अडकली. गेजचा काटा १४ टनांवर गेला आणि पंच मधून वाकला. डाय उघडली तर दोन ठोकळ्यांच्या सांध्यात कागदासारखा पातळ पापुद्रा पसरलेला आणि छिद्राच्या भिंतींना ॲल्युमिनियम चिकटून चांदीचा वर्ख लावल्यासारखं दिसत होतं.

माझ्या प्रेसवर हे होणारं काम आहे का? चुकलं कुठं? आणि तांब्याचा स्टड खरंच टिकेल का?

धुळ्याची, सध्या पवई

काका, नमस्कार. मी आयआयटीत धातुशास्त्रात एम.टेक. करतेय. तुमच्या मुलीने छान विषय घेतलाय. डायचं अनुभवी माणसं सांगतील, मी आत काय होतं ते सांगते.

ॲनील केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या, तांब्यात ग्रेन बहुधा काही दहा मायक्रॉनचे असतात. प्रत्येक ग्रेनमध्ये अणूंच्या ओळी एका दिशेने, शेजारच्या ग्रेनमध्ये वेगळ्या दिशेने. धातू वाकतो तेव्हा आतली विस्थापनं, म्हणजे डिसलोकेशन, सरकत जातात आणि ग्रेनच्या सीमेला येऊन अडतात. शेतातल्या बांधाला पाणी अडावं तसं. शेत मोठं असेल तर पाणी लांब धावतं. वावराचे लहान लहान वाफे केले तर ते जागोजागी थांबतं. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये हे पोलादावर मोजून नियमात बसवलं: ग्रेनचा व्यास जेवढा लहान, तेवढी ताकद त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. १०० मायक्रॉनचा ग्रेन १ मायक्रॉनवर आणला तर ताकदीतला ग्रेनचा वाटा १० पट होतो. एका ग्रेनचे तेव्हा दहा लाख ग्रेन झालेले असतात.

आता कुणीही विचारेल की तार ओढूनही धातू कडक होतोच, मग हा खटाटोप कशाला? काका, तुमच्या डायच्या एका फेरीत जेवढी विकृती (धातूचा आकार किती बदलला त्याचं माप) होते, म्हणजे सुमारे १.१५, तेवढी तार ओढून मिळवायची तर १० मिलिमीटरची सळई ५.६ मिलिमीटरवर आणावी लागेल. चार फेऱ्यांएवढी हवी असेल तर १ मिलिमीटरची तार होईल. त्या तारेचा एम-८ चा स्टड कसा करणार? इथं चार फेऱ्यांनंतरही सळई १० मिलिमीटरचीच राहते. सत्तरच्या दशकात सोव्हिएत काळातल्या मिन्स्कमध्ये सेगल यांनी ही युक्ती काढली. पुढे उफाच्या वालिएव्ह यांच्या गटाने नव्वदच्या दशकात दाखवून दिलं की अशाने ग्रेन मायक्रॉनच्याही खाली जातात. दाबाखाली पिळण्याचं काम त्याच्याही आधीचं, ब्रिजमन यांचं. उच्च दाबावरच्या कामासाठी त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं. पत्र्यासाठी जपानमध्ये ओसाकाला १९९८ च्या सुमारास निघालेली रीत तर आपल्या घडीच्या पोळीसारखीच आहे: पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा, दुहेरी करायचा, लाटून पुन्हा निम्म्या जाडीवर आणायचा, पुन्हा दुहेरी. दहा वेळा केलं की १०२४ थर होतात.

एक गोष्ट मात्र मुलीला जरूर सांगा. पहिल्या फेरीत कडकपणा खूप वाढतो, पण ग्रेन अजून खऱ्या अर्थाने बारीक झालेले नसतात. आत नुसते सरी-वरंबे पडतात, दोन्ही बाजूंच्या ओळींच्या दिशेत थोडाच फरक असतो. पुढच्या फेऱ्यांत त्या वरंब्यांचे पक्के बांध होतात. म्हणून दर फेरीला सळई ९० अंशांनी, नेहमी त्याच बाजूला फिरवून घालतात. गोल सळईवर खूण राहत नाही, तेव्हा टोकावर सेंटर पंचने ठिपका मारून ठेवा.

तिच्याकडून एक प्रयोगही करून घ्या. सळई लांबीत चिरा, एका अर्ध्या भागाच्या सपाट अंगावर सुईने चौकोनी जाळी कोरा, दोन्ही अर्धे जुळवून एकच फेरी द्या. उघडल्यावर चौकोन तिरपे पडलेले दिसतील, रेषा सळईच्या लांबीशी सुमारे २६ अंशांवर. पुस्तकात जे पानभर समजावतात ते हातात धरून बघता येतं.

हीट ट्रीटमेंटवाला, भुसावळ (निवृत्त)

लेथवालेभाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पंच वाकला यात तुमच्या हाताचा दोष नाही, हिशेब राहिला. तो आधी मांडतो.

सळईला दोन कामं करावी लागतात: वळणात वाकणं आणि भिंतीशी घासत पुढे जाणं. शुद्ध ॲल्युमिनियम कडक होत होत १२० मेगापास्कलच्या (ताकद आणि दाब मोजायचं एकक) आसपास जातं असं धरा. वळणासाठी त्याच्या १.१५ पट, म्हणजे १४० मेगापास्कल. हे काहीच नाही. खरा खर्च भिंतीचा. ६० मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर जाड, म्हणजे लांबी जाडीच्या सहा पट. ग्रीस दाबाखाली पिळून निघून गेलं आणि धातू भिंतीला चिकटला, की घर्षणाचे आणखी १६५० मेगापास्कल लागतात. बेरीज १८०० च्या घरात. १० मिलिमीटरच्या छिद्रावर त्याचे होतात १४ टन, तुमचा काटा थांबला तोच आकडा. आणि ५२ रॉकवेलचा एच-१३ एवढा दाब झेलत नाही, तो वाकणारच. तुमचा प्रेस ६० टनांचा असून उपयोग नाही, कारण मर्यादा पंचाची आहे. भिंतीवरचा चांदीचा वर्ख तुम्ही बरोबर पाहिलात. सगळं निदान त्या एका ओळीत आहे.

वंगण नीट बसलं तर तेच काम ४ टनांच्या आत होतं. छिद्र आरशासारखं पॉलिश करा, आणि पॉलिश लांबीच्या दिशेने, गोल गोल नाही. सळईवर मोलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट चोळा, वर प्लंबरची टेफ्लॉन टेप एक पदर गुंडाळा. त्यासाठी सळई ९.८५ ला उतरवा. बाहेर पडायचा रस्ता वळणापासून पाच मिलिमीटर सोडून पुढे थोडा मोकळा करा, तिथं घासत बसण्याचं काही कारण नाही.

पापुद्रा आला म्हणजे बोल्ट ताणले जाऊन ठोकळे उघडले. सहा बोल्टवर विसंबू नका. ठोकळे बाहेरून किंचित निमुळते करून जाड पोलादी कड्यात ठोकून बसवा. दाब वाढेल तसे ते आणखी घट्ट बसतील.

आता ६०६१ चं. टी-६ म्हणजे ज्याची सगळी ताकद आधीच काढून घेतलेली आहे असा धातू. त्याच्यात गार अवस्थेत एवढं वाकायची ऐपत उरलेली नसते, म्हणून तो पट्ट्यापट्ट्यांनी तुटतो. हाच ५३० अंशांना तापवून, पाण्यात विझवून, त्याच दिवशी डायमधून काढला असता तर निघाला असता. नंतर १०० अंशांच्या आसपास मुरवत ठेवला की ताकद टी-६ च्याही पुढे जाते. नेहमीचे १७५ अंश तिथं जास्त होतात, कारण बारीक ग्रेनमध्ये मुरणं लवकर होतं. पण तुम्हाला हे लागणार नाही, तुम्ही तांब्याकडेच चला.

तांबं ॲल्युमिनियमच्या तिप्पट चिवट आहे. १० मिलिमीटरला, ६० लांबीला, चांगलं वंगण धरूनही १२०० मेगापास्कल लागतील. म्हणून तुकडा ४० मिलिमीटरचाच घ्या आणि वळण ९० ऐवजी १२० अंशांचं करा. एका फेरीची विकृती १.१५ वरून ०.६७ वर येईल, म्हणजे चारऐवजी सहा-सात फेऱ्या द्याव्या लागतील. पण दाब ८०० च्या खाली राहील. पंच एम-२ हायस्पीड स्टीलचा करा, ६० च्या वर कडक, आणि बाहेर डोकावणारा भाग शक्य तेवढा आखूड ठेवा. एक विनंती आहे, ती टाळू नका. एवढा कडक पंच वाकत नाही, फुटतो, आणि फुटला की तुकडा गोळीसारखा सुटतो. प्रेसभोवती जाड जाळी लावल्याशिवाय हँडलला हात लावू नका, मुलीला समोर उभं करू नका.

सुरुवातीला तांबं ५५० अंशांवर अर्धा तास ॲनील करा. बाजारच्या साध्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो, त्यामुळे धुराची, गॅस जास्त असलेली ज्योत त्यावर नको. हायड्रोजन आत शिरला तर सीमांवर वाफ धरते आणि तांबं ठिसूळ होतं. मग तुम्ही पुढे काहीही करा.

आणि एक खरं बोलतो. एवढं करण्याआधी हार्ड ड्रॉन, म्हणजे गार ओढून कडक केलेल्या, तांब्याची सळई आणून तिचा एक स्टड करून बघा. ॲनील केलेलं तांबं २२० मेगापास्कलच्या आसपास तुटतं, चांगलं ओढलेलं ३०० च्या वर जातं आणि तुमच्या डायमधलं ४०० च्या जवळ पोचतं. हार्ड ड्रॉनवर काम भागत असेल तर भागू द्या. तेही नाही भागलं तर डाय करा. दोन्हीकडे आटे कापू नका, रोल करा. कापलेल्या आट्यात धातूचे पदर तुटतात, रोल केलेल्यात ते आट्याच्या वळणाने वळतात.

पितळ मात्र गार कामानंतर तसंच ठेवू नका. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात पितळी काडतुसं नुसती साठवून ठेवलेली तडकायची. आत राहिलेला ताण आणि तबेल्यातला अमोनिया, दोघांनी मिळून ते केलं. आपल्याकडे स्टार्टरची पेटी गोठ्याच्या भिंतीला लावलेली असते. तुमचे पितळी स्टड कधी कारण न कळता आडवे तडकले असतील तर मूत्राचा वास कुठून येतो ते बघा. २५० अंशांवर तासभर ठेवलं तर ताण सैल होतो, कडकपणा जवळपास तसाच राहतो.

तांबट, चोपडा

आमच्याकडे हंडा घडवताना तांबं चार-सहा फेरे ठोकलं की हात सांगतो, आता बस. हातोडीचा आवाज बदलतो, बोदा आवाज जाऊन टणकारा येतो. तेव्हा भट्टीत लाल करून पाण्यात सोडावंच लागतं, नाहीतर काठाला चीर जाते. शेवटचं मठारकाम, म्हणजे हातोडीने गार ठोकणं, मात्र भट्टीनंतर करतात आणि पुन्हा तापवत नाहीत. हंडा टणक राहतो तो त्या शेवटच्या ठोक्यांमुळे.

ताईने सांगितलेलं वाचून आज प्रथमच कळलं की ठोक्याने नेमकं काय होतं. माझा प्रश्न: आम्ही मठारलेला हंडा चुलीवर ठेवला की काही वर्षांत मऊ पडतो. या स्टडचंही तसंच होणार नाही का?

धुळ्याची, सध्या पवई

दादा, तुमचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. हो, होतं. एवढ्या सीमा कोंबलेल्या असतात की धातूला थोडी ऊब मिळाली तरी ग्रेन पुन्हा वाढायला बघतात. साधं ॲनीलिंग बऱ्याच वरच्या तापमानाला होतं, पण असं दाबलेलं शुद्ध तांबं २०० अंशांच्या आसपासच सुटायला लागतं. म्हणूनच जिथं ठिणगी पडते त्या कॉन्टॅक्टला हे चालणार नाही, तिथं क्रोमियम-झिर्कोनियमचं तांबं लागतं. ब्रेझिंग, वेल्डिंगही नको.

काका, तयार झालेल्या सळईचे चार तुकडे करा. १००, १५०, २०० आणि २५० अंशांना एकेक तास ठेवा आणि कडकपणा मोजून घ्या. तुमच्या स्टडला किती ताप चालेल ते तुमच्याच तांब्यावरून कळेल.

लेथवाला, जळगाव

मंडळी, अडीच महिन्यांनी लिहितोय.

भुसावळच्या आबांनी सांगितल्याप्रमाणे आधी हार्ड ड्रॉनचे स्टड केले. बरे निघाले, पण टॉर्क पान्याने १५ न्यूटन-मीटरला आटे सोलले. ॲनील केलेल्या तांब्याचे ११ लाच सुटत होते.

मग १२० अंशांची डाय केली, कड्यात ठोकलेली. जाळी लावली, मुलगी जाळीच्या मागे. टेफ्लॉन टेप आणि मोलिब्डेनमने जादूच केली. तांब्याला काटा साडेसहा टनांच्या पुढे गेला नाही. बाहेर आलेल्या सळईवर टेप तशीच, फक्त पारदर्शक पातळ झालेली. ती नखाने सोलली आणि खालचं तांबं आरशासारखं निघालं. कड्याला हात लावला तर कोमट लागत होतं. सहा फेऱ्या दिल्या, दर वेळी ठिपका बघून फिरवून. टोकं तिरपी येतात, ती कापून ४० मधले जेमतेम २८ मिलिमीटर हाती राहतात. माझा स्टड २५ चा आहे म्हणून निभावलं.

कडकपणा विकर्स या मापात: सुरुवातीला ५२, पहिल्या फेरीनंतर १०६, सहाव्यानंतर १२७. चौथ्यानंतर फारसा वाढला नाही, पण ताईंचं सरी-वरंब्याचं लक्षात ठेवून पुढच्या फेऱ्या दिल्या. ताप देऊन: १०० ला १२७, १५० ला १२३, २०० ला ९१, २५० ला ६४. म्हणजे चोपड्याच्या दादांची शंका खरी, २०० ला खेळ संपतो. सैल नट हाच तिथला खरा ताप, म्हणून आता प्रत्येक स्टडबरोबर स्प्रिंग वॉशर देणार आहे.

टॉर्क पान्याने आटे २० न्यूटन-मीटरला सोलले. हार्ड ड्रॉनपेक्षा पाच जास्त. वायरमनच्या हाताला मी तेवढंच द्यायला बघत होतो. पाच स्टड त्याच शेतकऱ्याच्या स्टार्टरला बसवलेत, पेटी गोठ्यापासून काढून झाडाच्या बाजूच्या खांबावर नेली. मे अखेर उघडून बघायचं ठरलंय. एका स्टडला अजून अर्धा दिवस जातो, तेव्हा धंद्याच्या भावात हे बसवणं बाकी आहे.

आबा, एक विचारायचं राहिलं. रोल केलेल्या आट्यांच्या माथ्यावर एक बारीक रेघ दिसते, भिंगाने बघितली तर घडी पडल्यासारखी. तडा तर नाही ना?

हीट ट्रीटमेंटवाला, भुसावळ (निवृत्त)

अगदी माथ्यावर, आट्याच्या दिशेनेच जात असेल तर ती रोलिंगची घडी. दोन्ही बाजूंनी चढत आलेला धातू तिथं भेटतो. चालते. बुडाशी किंवा उताराच्या खालच्या अर्ध्यात दिसली तर तो स्टड बसवू नका. कडक तांब्यात ती घडी जरा जास्त दिसते.